फुकट गेलेले दहा

सलग सहावा डाव हरल्यावर भाच्याने हातातली पानं ओटीवर पालथी टाकली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मामा, हिला काहीतरी कळलंय. ही सांगत नाही."

समोर बसलेली शेजारची मुलगी आपली पानं गोळा करत होती. ती सातवीत आहे. खरं तर तिच्या हातातली साठही पानं भाच्याचीच होती. त्याच्या काकांनी अमेरिकेहून पाठवलेल्या पेटीतली चमचमती, जड किमतीची पानं त्याने स्वतःकडे ठेवली होती. त्यांत पंख पसरलेली सेरा एंजल होती आणि आग ओकणारा शिवन ड्रॅगन होता. खेळायला कुणीतरी हवं म्हणून उरलेला गाळ त्याने तिला दिला होता. हा गाळ म्हणजे ऑर्क, गॉब्लिन, बुटके आणि चित्र पाहूनही कुणी हातात घेणार नाही अशी पानं. त्या गाळाने ती सहा वेळा जिंकली होती.

मी शाळेत गणित शिकवतो. एक डाव हरला तर मी नशीब म्हणेन. दोघं सारखीच तयारीची असतील तर ठरावीक एकानेच सलग सहा डाव जिंकण्याची शक्यता 64 त 1. माझ्या दृष्टीने त्याची हार म्हणजे सोडवायचा प्रश्न झाली होती. भाच्याची सुट्टी अजून पंधरा दिवस होती.

एप्रिल सरत आला होता. भिवपुरीत त्या दिवसांत दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही, पण आसपासच्या शिवारात हिरवं दिसतं. मावळातल्या ठोकरवाडी धरणात अडवलेलं आंध्रा नदीचं पाणी 1922 पासून घाटावरून नळांतून खाली उतरतं, भिवपुरीच्या टाटा पॉवर हाऊसमध्ये वीज करतं आणि पुढे उल्हास नदीला मिळतं. त्यातलं काही राजनाला कालव्यातून कर्जतच्या शेतांना जातं, म्हणून इथे भर उन्हाळ्यात भात उभा असतो. त्या मुलीच्या वडिलांची शेती कालव्याखाली आहे. हे आताच सांगायचं कारण पुढे येईल.

आधी खेळ. 'मॅजिक: द गॅदरिंग' हा 1993 साली बाजारात आला. तो रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचला. क्रमचय-संचयाचं गणित हा त्याच्या पीएचडीचा विषय. तो वेगळाच एक खेळ घेऊन पीटर अ‍ॅडकिसन या प्रकाशकाकडे गेला होता. अ‍ॅडकिसनला हवा होता झटपट संपणारा, खिशातून नेता येणारा खेळ, आणि त्यातून हा जन्मला. आज मुलं खेळतात ते पोकेमॉन आणि यु-गि-ओ हे पत्त्यांचे खेळ त्याच्या मागून आले.

कर्जत लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून रमी खेळणाऱ्यांच्या आणि या खेळाच्या मुळातच फरक आहे. रमीत बावन्न पानं सगळ्यांची, वाटून येतील ती आपली. इथे प्रत्येक जण आपला साठ पानांचा गठ्ठा घरून स्वतः निवडून, बांधून आणतो. एका पानाच्या चारपेक्षा जास्त प्रती घ्यायच्या नाहीत, फक्त साध्या जमिनींना ही मर्यादा नाही. म्हणून लढत समोरासमोर बसण्याआधीच सुरू झालेली असते. पान वाईट आलं असं म्हणताना ते पान गठ्ठ्यात घातलं कुणी, हेही सांगावं लागतं.

दोघांकडे वीस-वीस प्राण. हातात सात पानं, दर पाळीला एक नवीन. पानं मुख्यतः दोन प्रकारची: जमीन आणि मंत्र. एका पाळीत एकच जमीन मांडता येते आणि प्रत्येक जमीन दर पाळीला एक शक्ती देते, तिला मॅना म्हणतात. बाकीच्या पानांवर त्यांची किंमत छापलेली असते. एका मॅनाचा सैनिक, दोन मॅनाचा ऑर्क, पाच मॅनाची सेरा एंजल, सहा मॅनाचा ड्रॅगन. सैनिक उतरला त्या पाळीत चाल करत नाही, पुढच्या पाळीपासून करतो. समोरच्याला तो आपल्या सैनिकाने अडवता येतो. अडवला नाही तर त्याचं जेवढं बळ तेवढे प्राण जातात. वीस गेले की डाव संपला.

सातव्या डावाला मी वही घेऊन बसलो. कोणतं पान पडलं ते लिहिण्यात अर्थ नव्हता, ते दोघं पाहतच होती. मी दोनच गोष्टी लिहिल्या: त्या पाळीला हाताशी मॅना किती होता आणि त्यातला वापरला किती. भाच्याचा रकाना असा झाला. पहिली पाळी, 1 पैकी 0. दुसरी, 2 पैकी 0. तिसरी, 3 पैकी 0. चौथी, 4 पैकी 0. पाचव्या पाळीला 5 पैकी 5: सेरा एंजल दिमाखात उतरली. तोवर त्याच्याकडे चारच प्राण उरले होते.

मुलीचा रकाना: 1 पैकी 1, 2 पैकी 2, 3 पैकी 3, 4 पैकी 4.

मी भाच्याच्या रकान्याची बेरीज केली. एक, दोन, तीन, चार. दहा मॅना फुकट गेला होता. त्याने हातात धरून ठेवलेली एंजल पाच मॅनाची. म्हणजे तिची वाट पाहण्यात त्याने दोन एंजलची किंमत वाया घालवली होती, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्याच्या मनात तो चार पाळ्या तयारी करत होता.

मी मुलीला विचारलं, "तू दर पाळीला सगळं वापरून टाकतेस, ते ठरवून?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "सर, पाळीचं पाणी कुणी उद्यासाठी ठेवतं का? आपली पाळी आली की घ्यायचं. नाही घेतलं तर ते पुढे जातं."

मी वही मिटली. पंचवीस वर्षं गणित शिकवतोय, पण खेळातली पाळी आणि कालव्याची पाळी हा एकच शब्द आहे, हे मला तोवर सुचलं नव्हतं. धरणातलं पाणी साठवता येतं. कालव्यात सुटलेलं येत नाही. मॅना हे कालव्यातलं पाणी आहे. पाळी संपली की तो संपला. पूर्वी तर नियम याहून कडक होता: जमिनीतून काढलेला मॅना वापरायचा राहिला तर तेवढे स्वतःचे प्राण जायचे. 2009 साली तो नियम रद्द झाला.

भाच्याला हे पटेना. "पण मामा, तिचे ऑर्क भिकार आहेत. कुणीच वापरत नाही ते."

कुणीतरी वापरले होते. मी शोधत गेलो आणि तीस वर्षांपूर्वीची गोष्ट हाती लागली.

1996 साल. खेळ तीन वर्षांचा झाला होता आणि त्याच वर्षी व्यावसायिक स्पर्धा सुरू झाल्या होत्या. तोवर खेळाडूंमध्ये डावपेचाचा एक मोठा विचार रुजला होता. ब्रायन वाईसमन या खेळाडूने तो मांडला होता: ज्याच्याकडे समोरच्यापेक्षा जास्त उपयोगी पानं उरतात तो जिंकतो. तेव्हा तुमच्या एका पानाने त्याची दोन मारा, त्याचं सगळं अडवा, प्राण घ्यायची घाई करू नका. वाईसमनच्या गठ्ठ्यात जिंकून देणारी पानं मोजकीच असत, मुख्यतः दोन सेरा एंजल. बाकी सगळं रोखण्यासाठी. हा विचार खराच होता आणि आजही खरा आहे. त्यानंतर आला नेक्रोपोटन्सचा काळ. नेक्रोपोटन्स हे काळ्या रंगाचं पान आपला एक प्राण देऊन एक पान विकत घेऊ देतं. लोक आपले प्राण मोजून देत आणि हात भरून पानं घेत. प्राण ही खर्च करायची गोष्ट आहे, पानं ही कमवायची गोष्ट आहे, असं जवळजवळ सगळ्यांनी मान्य केलं होतं.

अशा दिवसांत अटलांटा शहरातल्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाचा खेळाडू एक लाल गठ्ठा घेऊन बसला. तो गठ्ठा जे श्नायडर याने बांधला होता. त्यातली पानं जाणकारांनी पाहिली असती तर पेटीत परत टाकली असती. त्यात आयर्नक्लॉ ऑर्क होते. दोन मॅनाचा, दोन बळाचा हा सैनिक भित्रा आहे: दोन किंवा जास्त बळाच्या सैनिकाला तो अडवू शकत नाही. त्यात ब्रास मॅन होता. हा पितळेचा पुतळा एका मॅनाला मिळतो, पण एकदा चालला की पुन्हा उभा करायला आणखी एक मॅना मोजावा लागतो. पान पानाशी तोलायचं ठरवलं तर हा गठ्ठा कुणासमोरही उभा राहणार नाही.

स्लाय त्या स्पर्धेत दुसरा आला.

श्नायडरने वेगळा प्रश्न विचारला होता. हे पान किती चांगलं आहे, असं सगळे विचारत होते. त्याने विचारलं, हे पान कितव्या पाळीला पडेल? पहिल्या पाळीला एक मॅना असतो, तर एका मॅनाची पानं भरपूर हवीत, म्हणजे हातात एक तरी असेलच. दोनची त्याहून कमी, तीनची आणखी कमी, चारची एखाद-दुसरी. किमतीप्रमाणे पानं ओळीने रचली तर डावीकडून उजवीकडे उतरणारी एक रेघ तयार होते. तिला पुढे मॅना कर्व्ह हे नाव पडलं आणि आज हा खेळ शिकणारं प्रत्येक मूल पहिल्या आठवड्यात ते ऐकतं. भित्र्या ऑर्कचं कोडंही त्यातच सुटतं. ज्याला दर पाळीला फक्त पुढे जायचं आहे, त्याच्या सैनिकाला अडवता येत नाही या दोषाने त्याचं काय बिघडतं? दोषापोटी त्याची किंमत कमी ठेवलेली, आणि तो दोष श्नायडरच्या गठ्ठ्यात लागूच होत नव्हता. आणि समोरचा नेक्रोपोटन्सवाला स्वतःहून प्राण देत सुटलेला. त्याने अर्धं काम आधीच करून ठेवलेलं असायचं.

माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला हा सगळ्यात देखणा शोध आहे. त्यासाठी नवं पान लागलं नाही, महागडं पान लागलं नाही. सगळ्यांच्या पेटीत पडून असलेलीच पानं होती.

त्या रात्री मला झोप लागेना. वीज गेली होती. पॉवर हाऊसच्या गावात ती गेली की लोक जरा जास्तच चिडतात. मी मेणबत्ती लावून वही उघडली. मला पाहायचं होतं की एकही मॅना वाया न घालवता खेळलं तर डाव किती पाळ्यांत संपतो. सोयीसाठी धरलं, एका मॅनाला एक बळ मिळतं आणि समोरचा अडवत नाही.

पहिल्या पाळीला एका बळाचा सैनिक. दुसरीला तो चालतो, एक प्राण गेला. आणि दोन बळाचा नवा उतरतो. तिसरीला एक अधिक दोन, तीन प्राण. आणि तीन मॅनात आणखी दोन सैनिक, एका बळाचा आणि दोन बळाचा. चौथीला सगळे मिळून सहा; आणि चार मॅनात दोन बळाचे आणखी दोन. पाचवीला सगळ्यांचं बळ दहा.

एक, तीन, सहा, दहा. मी खाली रेघ मारली आणि बेरीज केली.

वीस.

एकोणीस नाही, एकवीस नाही. बरोब्बर वीस, समोरच्याचे होते तेवढेच. मी पुन्हा पानं मोजली. सहा सैनिक आणि चार जमिनी, दहा पानं. आधी खेळणाऱ्याला पहिल्या पाळीला नवीन पान मिळत नाही, म्हणजे सुरुवातीची सात आणि नंतरच्या तीन पाळ्यांची तीन. चौथ्या पाळीपर्यंत त्याने पाहिलेली पानं दहाच. एकही जास्त लागत नाही. भाच्याची एंजल जमिनीवर पाय टेकवते त्याच पाचव्या पाळीला हा डाव संपतो.

आणि हे आकडे माझ्या ओळखीचे होते. भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून पुढच्या अंकांच्या बेरजेला संकलित म्हटलं आहे आणि त्या बेरजांच्या बेरजेला संकलितैक्य. रीत अशी: चारपर्यंतचं संकलित दहा, त्याला चार अधिक दोन म्हणजे सहाने गुणा, साठ, तीनने भागा, वीस. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्या मठात मुलांनी हे उदाहरण पाटीवर सोडवलं असेल. मी वर्गात संकलितैक्य दरवर्षी शिकवतो आणि ते कुठे उपयोगी पडतं असं मुलं विचारतात. आता माझ्याकडे उत्तर होतं: फुकट गेलेली पहिली पाळी फक्त एक मॅना नेत नाही. त्या मॅनातून उतरणारा सैनिक पुढच्या चार पाळ्या चालला असता. सुरुवातीला गेलेला एक, शेवटी चार होऊन जातो.

सकाळी मी भाच्याला उठवलं. आम्ही पेटी रिकामी केली आणि त्याचा गठ्ठा नव्याने बांधला. एंजल आणि ड्रॅगन बाजूला काढताना त्याचा चेहरा उतरला होता, पण त्याने काढले. एका मॅनाची पानं सगळ्यात जास्त, मग दोनची, मग तीनची. त्यात लाइटनिंग बोल्टही घातले: एका मॅनाला तीन बळाचा विजेचा फटका, समोरच्यावर टाका किंवा त्याच्या सैनिकावर. त्याचा गठ्ठा आता जवळजवळ तिच्यासारखाच झाला.

पहिल्या डावात तो आधी खेळला आणि जिंकला. त्याने अंगणात उडी मारली. दुसऱ्या डावात ती पहिली खेळली. तो हरला. तिसऱ्यात तो पहिला, पण तोही हरला. दिवसभरात नऊ डाव झाले, त्यात त्याला तीन मिळाले. माझी वही उघडी होती आणि दोघांच्या रकान्यांत फुकट गेलेला मॅना जवळजवळ सारखाच होता. माझं गणित बरोबर होतं आणि तरी ते अपुरं होतं.

आता मी फक्त बोल्ट कुठे पडतात ते लिहायला लागलो. भाचा प्रत्येक बोल्ट तिच्या प्राणांवर टाकत होता, तीन प्राण, तीन प्राण. ती कधी त्याच्यावर टाकायची, कधी त्याच्या सैनिकावर. मला आधी वाटलं, मनाला येईल तसं. रकाने समोरासमोर ठेवले तेव्हा दिसलं. ती पहिली खेळत असली की बोल्ट त्याच्या प्राणांवर. दुसरी खेळत असली की बोल्ट त्याच्या सैनिकांवर, आणि चाल बंद.

कारण माझ्याच बेरजेत होतं, मला दिसलं नव्हतं. दोघंही एक, तीन, सहा, दहा करत धावली तर पहिला आपल्या पाचव्या पाळीला वीसवर पोहोचतो आणि दुसऱ्याची पाचवी पाळी यायचीच असते. दुसऱ्याने तीच शर्यत धावायची म्हणजे हरायचं ठरवूनच बसायचं. त्याने शर्यत मोडायला हवी. पहिल्याने दुसऱ्या पाळीला उतरवलेला दोन बळाचा ऑर्क पुढे तीन पाळ्या चालून सहा प्राण घेणार असतो. एका मॅनाचा बोल्ट त्याच्यावर टाकला तर सहा प्राण वाचतात आणि पहिल्याची बेरीज वीसवरून चौदावर येते. तोच बोल्ट समोरच्यावर टाकला तर तीनच प्राण जातात. शिवाय एका मॅनाने त्याचे दोन मॅना गेले. मागे असलेला तिथे बरोबरीला येतो. नंतर खेळणाऱ्याकडे एक पान जास्त असतं, डाव लांबला की तेही कामाला येतं.

1999 साली मायकेल फ्लोरेस या खेळाडू-लेखकाने नेमकं हेच मांडलं होतं. त्याचं म्हणणं असं: दोन सारखे गठ्ठे भिडले की एकाला चाल करणारा व्हावं लागतं आणि एकाला अडवणारा. आपण यातले कोण, हे ज्याने चुकीचं ओळखलं तो हरतो, मग प्रत्येक पान त्याने कितीही शहाणपणाने टाकलेलं असो. श्नायडरने गठ्ठा कसा बांधावा ते शोधलं. तो घेऊन समोर बसल्यावर कोण व्हायचं, ते फ्लोरेसने शोधलं. भाच्याकडे पहिलं आलं होतं, दुसरं नाही. आणि त्या मुलीने दोघांचंही नाव ऐकलेलं नव्हतं.

"तुला कसं कळतं, कधी थांबायचं?" मी तिला विचारलं.

"तो आधी खेळला की तो पुढे असतो ना, सर," ती म्हणाली. "मग मी पळून काय करू? त्याला थांबवायला पाहिजे."

हे मी भाच्याला सांगितलं नाही. वही त्याच्यासमोर ठेवली आणि बोल्टचे दोन रकाने दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. संध्याकाळ झाली, मुलगी शेतावर गेली. त्या दिवशी त्यांची पाळी होती. तो ओटीवर एकटाच पानं मांडून दोन्ही बाजूंनी खेळत होता.

मे महिन्यात, तो कल्याणला परत निघाला त्या सकाळी, शेवटचा डाव झाला. ती पहिली खेळली. दुसऱ्या पाळीला तिने आयर्नक्लॉ ऑर्क उतरवला. भाच्याच्या हातात बोल्ट होता. तो तिच्या प्राणांच्या आकड्याकडे पाहत होता, हात अर्धा पुढे गेलेला. मग त्याने पान ऑर्कवर ठेवलं आणि उरलेल्या एका मॅनात एक सैनिक मांडला. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच.

डाव नवव्या पाळीपर्यंत चालला. भाचा जिंकला. वहीत त्या डावाचा फुकट गेलेला मॅना असा लिहिला आहे: त्याचा 2, तिचा 3.